मुक्काम पोस्ट आयर्लंड

आपल्याकडे कोणी नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा गावाचा. समोरच्याने ‘पुण्याचा’ असे उत्तर दिले तरी आपले समाधान होत नाही. ‘ते झालं हो, पण मूळचे कुठले?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. मग तो गृहस्थ गुहागरजवळच्या नाहीतर माणदेशातल्या कुठल्याशा खेड्याचे नाव सांगतो. ते त्याने स्वतः उभ्या जन्मात पाहिलेले नसते, आपणही कधी ऐकलेले नसते. पण नाव निघाले की दोघांनाही बरे वाटते, आणि बोलणे पुढे सरकते.

हा प्रश्न मी एकदा परदेशात विचारला आणि चांगलाच गुंतून पडलो. त्याचीच ही हकीकत.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लिव्हरपूलला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती तिथल्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. तेव्हा त्यांचे वय शहात्तर. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुले आपापल्या संसारात. बहीण त्यांना खुशाल पहिल्या नावाने हाक मारी. तिकडची रीतच आहे ती. माझी जीभ मात्र वळेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला एकेरी नावाने हाक कशी मारायची? मी घरात त्यांचा उल्लेख ‘आजोबा’ असा करू लागलो, भाच्यानेही तो शब्द उचलला आणि एक दिवस तो कुंपणावरून पलीकडे गेला. अर्थ कळल्यावर म्हातारबुवा इतके खूष झाले की पुढे स्वतःच दार वाजवून ‘आजोबा आलेत’ असे म्हणू लागले.

एका संध्याकाळी चहा घेताना मी सवयीने विचारले, “आपण मूळचे इथलेच का?”

आजोबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “माझे आडनाव आयरिश आहे. खापरपणजोबा आयर्लंडातून इथे आले, एवढे ठाऊक आहे. पण आयर्लंडातले गाव कोणते, ते गेली तीन वर्षे शोधतो आहे. अजून सापडलेले नाही.”

मला थोडे नवलच वाटले. आयर्लंड ते केवढे! सारे बेट मिळून आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाव. लिव्हरपूलहून तेव्हा रात्री बोटीत बसले की सकाळी डब्लिन येई. इतक्या जवळच्या मुलखातले गाव सापडू नये? दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला घरी बोलावले आणि जेवणाच्या टेबलावर पाच जाडजूड फायली मांडल्या. त्या उलगडता उलगडता माझे हसू मावळत गेले.

सत्तेचाळीस साल

१८४५ च्या पावसाळी हवेत आयर्लंडमधल्या बटाट्यावर करपा पडला. आज पाहिलेले हिरवे शेत चार दिवसांत काळे पडायचे, आणि जमीन उकरली की हाताला चिखलासारखा कुजका लगदा लागायचा. आपल्याकडे भाजी गेली तर माणूस भाकरीवर निभावतो. तिथे बटाटा हीच भाकरी होती. देशातली सुमारे एक तृतीयांश माणसे जवळजवळ केवळ त्यावर जगत. धान्य पिकत होते, पण ते खंड भागवण्यासाठी विकायचे. दुष्काळाच्या ऐन वर्षांतही आयर्लंडातून धान्य बाहेर जातच होते. त्यात १८४७ साली कायदा झाला, की पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. मदत हवी तर जमीन सोडा. जमीन सोडली की जमीनदाराची माणसे घराचे छप्पर उतरवायला हजर.

१८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार भरली होती. १८५१ साली ती साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. ज्यांच्या गाठीला चार पैसे होते त्यांनी अमेरिका गाठली. ज्यांच्याकडे तेही नव्हते ते आगबोटीच्या उघड्या डेकवर गुरांच्या शेजारी उभे राहून लिव्हरपूलला उतरले. एकट्या १८४७ साली सुमारे तीन लाख आयरिश माणसे या बंदरात आली. शहराची स्वतःची वस्तीही तेव्हा साधारण तेवढीच. त्यांतली पुष्कळशी पुढे गेली. उरलेली गोदीजवळच्या तळघरांत एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबे अशी राहिली. टायफसची साथ आली. रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या दहा कॅथलिक पाद्र्यांचा त्या एका वर्षात लिव्हरपुलात बळी गेला. त्याच वर्षी शहराने डॉक्टर डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमले. इंग्लंडमधल्या कुठल्याही शहराने असा अधिकारी नेमण्याची ती पहिलीच वेळ. आणि हजारो भुकेकंगालांना ‘तुमचा भार आमच्यावर नको’ म्हणून पुन्हा बोटीत बसवून परत धाडण्यात आले.

प्रवासही सुखाचा नव्हता. डिसेंबर १८४८ मध्ये ‘लंडनडेरी’ नावाची आगबोट स्लायगोहून लिव्हरपूलला निघाली. वादळ आले तेव्हा उतारूंना खालच्या कोठारात कोंडून वरचे तोंड बंद करण्यात आले. बोट डेरीच्या बंदरात आश्रयाला लागली आणि कोठार उघडले तेव्हा बहात्तर माणसे गुदमरून मेलेली होती.

आजोबांचे खापरपणजोबा सत्तेचाळीस साली आले, ही घरातली सांगोवांगी. कोणत्या बोटीने, ते कळायला मार्ग नाही. अमेरिकेला जाणाऱ्या बोटींच्या उतारूंच्या याद्या होत. पण १८०१ पासून आयर्लंड आणि इंग्लंड हे एकच राज्य. मुंबईहून ठाण्याला जाणाऱ्याचे नाव कोण लिहून घेतो? त्यांचेही कुणी घेतले नाही.

एका रकान्याची गोष्ट

आता फायलींकडे वळू. ३० मार्च १८५१ च्या रात्री इंग्लंडची शिरगणती झाली. त्या वर्षी प्रथमच कुटुंबप्रमुखाशी नाते काय आणि जन्म कुठला, हे नीट विचारले गेले. आजोबांच्या खापरपणजोबांचे घर त्यात आहे. स्वतः वय २६, गोदीतला हमाल. बायको २४. तीन महिन्यांची मुलगी. धाकटा भाऊ, वय १८, तोही हमालच. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात मुलीपुढे ‘लिव्हरपूल’, बाकी तिघांपुढे एकच शब्द : ‘आयर्लंड’.

मी म्हटले, “कारकुनाने आळस केला.”

“छे! त्याला तसा हुकूमच होता,” आजोबा म्हणाले. “इंग्लंडात जन्मलेल्याचा परगणा आणि गाव लिहायचे. आयर्लंड, स्कॉटलंड किंवा परमुलखातल्याचा फक्त देश. एखादा हौशी कारकून परगण्याचे नाव टाकी. आमच्या नशिबी तो नव्हता.”

१८६१ ची नोंद पाहिली : ‘आयर्लंड’. १८७१ ची पाहिली : ‘आयर्लंड’. १८७९ साली खापरपणजोबा वारले, पण त्या काळच्या इंग्रजी मृत्यूच्या दाखल्यात जन्मगावाचा रकानाच नव्हता. १८४९ चा लग्नाचा दाखला मिळाला. त्यावर वराच्या आणि वधूच्या बापांची नावे आणि धंदे आहेत, गाव नाही. सहीच्या जागी दोघांच्याही फुल्या. तीस-बत्तीस वर्षे हा माणूस लिव्हरपुलात राबला, सात मुलांचा बाप झाला, सरकारने त्याला तीनदा मोजले. आणि त्याचा पत्ता काय, तर मुक्काम पोस्ट आयर्लंड!

मोठ्या माणसांचे तसे नसते. मायकेल डेव्हिट हा आयरिश शेतकऱ्यांचा पुढारी १८४६ साली मेयो परगण्यातल्या स्ट्रेड या खेड्यात जन्मला. चार वर्षांचा असताना घरातून हुसकावले गेले आणि आईबापांनी लँकेशायरमधल्या हॅस्लिंग्डनला आणले. अकराव्या वर्षी गिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. त्याच डेव्हिटने पुढे १८७९ साली आयर्लंडात लँड लीग उभारली. दादाभाई नौरोजींना आयरिश मतदारसंघातून पार्लमेंटात पाठवावे, ही कल्पना मांडणाराही तोच. आपल्या भगिनी निवेदिता घ्या. १८६७ साली डंगॅनन या आयरिश गावी जन्मलेली ही मार्गारेट नोबल लहानपणीच घरच्यांबरोबर इंग्लंडात आली. स्ट्रेड काय आणि डंगॅनन काय, चरित्रकारांनी ही गावे लिहून ठेवली. हमालाला चरित्रकार कुठला?

“पण मग आयर्लंडातल्या कागदांत उलटा शोध घ्यावा,” मी सुचवले. यावर आजोबा हसले ते थांबेचनात.

जळालेले दप्तर

आयर्लंडचे सगळे जुने दप्तर डब्लिनला ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयाच्या आवारात होते. सातशे वर्षांचे कागद एका छपराखाली. १९२२ साली देशात यादवी पेटली, एका पक्षाने ती इमारत धरली, दुसऱ्याने तोफा लावल्या, आणि ३० जून रोजी प्रचंड स्फोट होऊन दप्तरखान्याला आग लागली. जळके कागद वाऱ्यावर उडत शहरभर पसरले. काही तर पार हाऊथच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पडले. १८२१ ते १८५१ च्या चार शिरगणत्या त्यात जवळजवळ संपूर्ण खाक झाल्या. उरलेल्यांतल्या १८६१ आणि १८७१ च्या सरकारने पूर्वीच नष्ट करून टाकल्या होत्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेल्या. पुऱ्या अशा उरल्या त्या फक्त १९०१ आणि १९११ च्या दोन.

या राखेतूनही एक गमतीदार गोष्ट वाचली आहे. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी उलटलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाले. आता आयर्लंडात सर्व जन्मांची नोंद सुरू झाली १८६४ साली, मग म्हाताऱ्याने वय सिद्ध कसे करावे? तोड निघाली : १८४१ नाहीतर १८५१ च्या शिरगणतीत त्याचे नाव शोधावे. अर्जदार आपल्या आईबापांची नावे आणि वाडी लिहून देई, कारकून मूळ कागद पाहून उतारा काढी. मूळ कागद जळाले, पण त्या अर्जांचे आणि उताऱ्यांचे गठ्ठे शिल्लक राहिले. आणि १९०१ व १९११ च्या शिरगणत्या शेजारी ठेवल्या तर असे दिसते, की त्या दहा वर्षांत कित्येक आयरिश म्हातारे पंधरा-पंधरा वर्षांनी वाढले! पेन्शन ही काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे तो त्यांना हसणार नाही.

कॅथलिक देवळांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मात्र डब्लिनला गेल्याच नव्हत्या, म्हणून वाचल्या. २०१५ साली आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा सर्वांना फुकट पाहायला खुल्या केल्या. पण त्या पाहायच्या तर कोणत्या देवळाची वही हे आधी ठाऊक हवे. शिवाय नावे लॅटिनमध्ये. जेम्सचा होतो याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. आणि वह्यांत गाव शोधायला वहीच्या आधी गावच हवे, असा हा पेच.

“इतका खटाटोप कशासाठी?” मी शेवटी न राहवून विचारले. आजोबांनी सांगितले की सुरुवात नातीने केली. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिल्यावर हजारो लोक आयरिश पासपोर्टसाठी आजी-आजोबांचे दाखले शोधू लागले. आजी किंवा आजोबा आयर्लंडात जन्मलेले असले तर तो हक्क मिळतो. नातीला लवकरच कळले की आपला आयरिश पूर्वज फार वरच्या पायरीवर बसला आहे. तिने फायली बंद केल्या. आजोबांनी त्या उघडल्या.

“मला पासपोर्ट नको,” ते म्हणाले. “माझे वडील गोदीत काम करायचे. दारू चढली की म्हणायचे, आपण एकदा घरी जाऊ. मी लहान होतो. मला वाटे, घरीच तर बसलो आहोत! ते गेल्यावर कळले, की घर म्हणजे कुठले हे त्यांनाही माहीत नव्हते.”

इंडियात गेलेला भाऊ

फायली बांधताना आजोबा सहज म्हणाले, “तो जो धाकटा भाऊ आहे ना, अठरा वर्षांचा, तो म्हणे पुढे इंडियात गेला आणि परतला नाही. आत्या सांगायची.”

मी ताडकन उठून बसलो. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा आयर्लंडशी काय संबंध? पण इंडिया ऑफिसचे दप्तर म्हटले की आमच्या इतिहास संशोधकांचे ते तीर्थक्षेत्र. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते ठेवलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गोऱ्या पलटणींसाठी लिव्हरपूल, डब्लिन, कॉर्क इथे भरती करी आणि उपाशी आयरिश पोरे त्यात झुंडीने शिरत. मुंबईच्या एका गोऱ्या पलटणीचे तर पुढे १८८१ साली नावच ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ झाले. आणि कंपनी म्हणजे व्यापारी! प्रत्येक रंगरूट मालासारखा टिपून घेतलेला : नाव, वय, उंची, धंदा आणि जन्मगाव. पळून गेला तर पकडायला उपयोगी पडावे म्हणून.

आठवडाभराने आम्ही दोघे लंडनला गेलो. दोन दिवस वह्या पाहिल्या. त्याच नावाचे चौघे निघाले. वय आणि लिव्हरपुलात झालेली भरती यांवरून एक उरला. धंदा : हमाल. पलटण : मुंबई. आणि त्यापुढे परगणा मेयो, व त्याच्या अलीकडे देवळाच्या हद्दीचे, म्हणजे पॅरिशचे नाव.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. काही बोलले नाहीत.

मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदींच्या नकला दर वर्षी लंडनला जात. त्यांत तो भाऊ सापडला. १८५६ साल, वय २३, कारण ज्वर. आजोबांनी आशेने विचारले, “पुणे आहे का?” पुणे नव्हते. कराची होते. ते तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडे. “तुम्ही जाऊन थडगे पाहून याल का?” आजोबांचा पुढचा प्रश्न. मला सांगावे लागले की आजच्या दिवसांत तिथे जाणे माझ्यापेक्षा त्यांनाच सोपे पडेल. ते क्षणभर थांबून म्हणाले, “आणखी एक हद्द!”

नकाशावरची बारा घरे

मी सुट्टी संपवून परतलो. पुढचा शोध आजोबांनी आणि नातीने केला. तिने फायली पुन्हा हातात घेतल्या होत्या. बातमी बहिणीच्या फोनवरून कळत राहिली.

पॅरिश मिळाले तरी वाडी मिळायची होती. आयर्लंडात ‘टाऊनलँड’ म्हणून जमिनीचा सर्वांत लहान भाग असतो, आपल्या वाडी-मजऱ्यासारखा. असे साठ हजारांहून अधिक आहेत. १८२३ ते १८३७ या काळात धर्मकरासाठी कुळांच्या याद्या झाल्या होत्या. त्या पॅरिशच्या यादीत आजोबांचे आडनाव एकाच वाडीत आढळले, आणि तिथल्या एका कुळाचे नाव लिव्हरपूलच्या लग्नाच्या दाखल्यातल्या वरपित्याच्या नावाशी जुळले. बाप्तिस्म्याची वही मात्र उशिरा सुरू झालेली, त्यामुळे तिकडून दुजोरा नाही. “कोर्टात टिकेल असा पुरावा नाही,” आजोबांनी कळवले, “पण मी कोर्टात जाणार नाही.”

दुष्काळानंतर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशभर जमिनीची आकारणी झाली. त्या वहीत हीच वाडी पाहिली. कुळांची नावे गेलेली. साऱ्या जमिनीपुढे एकच धनी, आणि एक घर : गुराख्याचे. मग नातीने दोन सरकारी नकाशे शेजारी ठेवले. दुष्काळापूर्वीच्या नकाशावर टेकडीच्या पायथ्याशी बारा लहान चौकोन दाटीने काढलेले आहेत. शतकाच्या अखेरच्या नकाशावर त्या जागी कोरे कुरण आहे.

वाडीच्या नावात ‘नॉक’ आहे. आयरिश भाषेत ‘क्नॉक’ म्हणजे टेकडी. इंग्रज मोजणीदारांनी नकाशे करताना तिथली नावे आपल्या कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत उतरवली. ‘बॅली’ दिसले की समजावे ‘बाइले’, म्हणजे वस्ती. ‘किल’ दिसले की बहुधा ‘किल्ल’, म्हणजे देऊळ. आपल्या वडगाव-पिंपळगावासारखेच सारे. आजोबांच्या आडनावाच्या आधीही पूर्वी ‘ओ’ होता, म्हणजे ‘अमक्याचा नातू’. तो लिव्हरपूलच्या वाटेवर कुठेतरी गळाला.

मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे दप्तर जळाल्याला शंभर वर्षे झाली त्याच सुमारास, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जगभर विखुरलेल्या नकलांवरून ते जळके दप्तर संगणकावर पुन्हा उभारण्याचे काम लोकांसमोर आले. आजोबा म्हणाले, “आता दप्तर थांबेल, मी एकोणऐंशीचा आहे.” आणि नातीला घेऊन मेयोला निघाले.

बहिणीने मला छायाचित्रे पाठवली. पाहण्यासारखे तिथे काही नाही. ओली टेकडी, मेंढ्या, गवतात बुडालेले दगडांचे दोन-तीन चौथरे. फक्त एका चित्रात सूर्य कलला आहे आणि उतारावर एकाला एक लागून सरळ वरंबे उमटलेले दिसतात. बटाट्याचे वाफे. शेवटचे ज्याने ओढले तो गेल्यावर तिथे पुन्हा कुदळ लागलेली नाही.

आजोबा तिथे उभे असताना खालच्या रस्त्यावरून एक बाई चालली होती. साठीची असेल. तिने वर पाहून हाक दिली आणि विचारले, “तुम्ही कोणाकडचे?”

खेड्यातला प्रश्न सगळीकडे हाच. आजोबांनी आडनाव सांगितले आणि टेकडीकडे हात केला. “इथलाच. सत्तेचाळीस साली गेलेल्यांपैकी.”

बाईने मान डोलावली. म्हणाली, “बराच उशीर केलात. चहा घेऊन जा.”